संचात नसलेला मुस्तफा

(लोणावळ्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचा फलक लागला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, फलकावर काहीतरी चुकलंय. व्हिडिओ गेम असं लिहिलंय." म्हटलं, चुकलेलं नाही. (हशा) गेल्या खेपेला आपण प्रत्यभिज्ञेवर बोललो होतो. म्हणजे, आधी पाहिलेली वस्तू पुन्हा समोर आली की ‘तीच ही’ असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर? आजचा प्रश्न तोच आहे. फक्त देवदत्ताच्या जागी मुस्तफा आहे.

आधी कुठल्या गेमबद्दल बोलतोय ते सांगतो, कारण समोर आमच्या वयाची मंडळीही बरीच दिसतात. पडद्यावर बाजूने दिसणारं एक पात्र असतं. ते डावीकडून उजवीकडे चालतं, उड्या मारतं, गोळ्या झाडतं किंवा हाणामारी करतं, आणि मागचं दृश्य त्याच्याबरोबर सरकत जातं. याला साइड-स्क्रोलिंग म्हणतात. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात पडदा एकदा पुढे सरकला की मागे येत नाही. मागे राहिलं ते राहिलं. १९८७ मध्ये डबल ड्रॅगन आला, कॉन्ट्रा आला. १९८९ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीचा फायनल फाइट आला. यातल्या हाणामारीच्या गेममध्ये पडदा थोडा पुढे सरकतो आणि थांबतो. समोर आलेली टोळी आडवी केल्याशिवाय पुढची वाट मिळत नाही. टोळी संपली की बाण दाखवून सांगतात, चला पुढे. रचना एवढीच. आता हे सगळे जुने गेम कंपन्या संच करून पुन्हा विकताहेत, दहा-बारा गेम एकत्र, आजच्या यंत्रांवर चालतील असे. या संचांचं मूल्यमापन करणं हा आजचा उद्देश आहे.

पण त्याआधी हे गेम इथे कसे खेळले जात ते सांगायला हवं. त्याशिवाय तुलना कशाशी करणार?

नव्वदच्या दशकात इथे बाजारामागच्या एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लर होतं. पत्र्याचं छप्पर, आत चार यंत्रं. पावसाळ्यात जमिनीतून ओल यायची म्हणून प्रत्येक यंत्राखाली विटा दिलेल्या. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला वेगळा सांगायला नको. अशाच एका जुलैमध्ये कॉलेजातून परतताना सर कोसळली आणि आम्ही त्या पार्लरच्या दारात अर्धा तास अडकलो. आत जायची लाज वाटत होती, बाहेर पडता येत नव्हतं. त्या अर्ध्या तासात जे दिसलं ते असं.

एका यंत्रावर मुंबईहून सहलीला आलेली मुलं होती. त्यांच्या खिशात नाणी खुळखुळत होती. पात्र मेलं की पडद्यावर दहापासून उलटी मोजणी सुरू होई, मुलगा आणखी एक नाणं टाकी, पात्र पुन्हा उभं राही. असं करत करत ती बरीच पुढे गेली. त्यांच्यामागे कोणी उभं नव्हतं. शेजारच्या यंत्रावर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता. मळवली, कामशेतकडून लोकलने शाळेला येणारी मुलं असत, त्यांपैकी एक. त्याच्याकडे एकच नाणं होतं आणि ते आधीच यंत्रात गेलेलं होतं. त्याच्यामागे पंधरा जण श्वास रोखून उभे होते. तो मुलगा काय करत होता, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. एवढं दिसलं की तो घाई करत नव्हता. थांबत होता, मागे सरत होता, शत्रूंना एका रेषेत येऊ देत होता, मग मारत होता. पाऊस उघडला तरी त्याचं ते नाणं संपलेलं नव्हतं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि पुढच्याच महिन्यात ते पार्लर बंद करावं म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी एक अर्ज केला, त्यावर दुसरी सही आमची होती. मुलं बिघडतात, पैसे चोरतात, असं अर्जात लिहिलं होतं. न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष प्रमाण बाजूला ठेवलं आणि ऐकीव गोष्टीवर सही केली. त्याचा हिशोब शेवटी करू.

आता संचांकडे वळू. ही सगळी भानगड आमच्या नातीमुळे सुरू झाली. तिच्या वाढदिवसाला घरात गेमचं यंत्र आलं, आणि पाठोपाठ हे संच आले.

पहिला संच कोनामी कंपनीचा, २०१९ चा, कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन. दहा गेम आहेत. पण दहा गेम म्हणजे दहा वेगळ्या कथा नव्हेत. पार्लरच्या यंत्रासाठी केलेला कॉन्ट्रा आहे. घरच्या यंत्रासाठी केलेली अमेरिकेतली आवृत्ती आहे. त्याच गेमची जपानमधली आवृत्ती वेगळी आहे: तिच्यात झाडं वाऱ्यावर हलतात, बर्फ पडतो, टप्प्यांच्या मधे नकाशा दिसतो. अमेरिकेतल्या आवृत्तीत हे काही नाही. आणि युरोपात याच मालिकेचं नाव बदलून प्रोबोटेक्टर केलं होतं, माणसं काढून त्यांच्या जागी यंत्रमानव घातले होते, तेही नमुने इथे आहेत. आता सांगा, यातला खरा कॉन्ट्रा कोणता?

पुण्याच्या श्रोत्यांना हा प्रश्न अनोळखी वाटू नये. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये ते पुरं केलं. काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या, पाठभेद खाली टिपांमध्ये दिले. काहीही लपवलं नाही. कॉन्ट्राचा हा संच लहान प्रमाणात तेच करतो. पाठभेद शेजारी शेजारी ठेवतो आणि वाचकाला, म्हणजे खेळणाऱ्याला, सांगतो की बघ आणि ठरव. आमच्या मते या संचाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि तो विकणाऱ्यांनाही फारसा कळलेला दिसत नाही. ते सांगतात, जुनी मजा पुन्हा अनुभवा. इथे खरी मजा तुलनेत आहे.

दुसरा संच २०२२ चा, टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स: द काउबंगा कलेक्शन. तेरा गेम. यात गेमच्या बरोबरीने एक संग्रहालयच दिलंय. गेम बनवताना काढलेली कच्ची रेखाटनं, जुनी खोकी, जाहिराती. कारागिरांची कच्ची टिपणं जपून ठेवायची असतात, हे आपल्याकडच्या प्रकाशकांनी यातून शिकावं. सवड असेल तर ती रेखाटनं जरूर चाळा. पात्राची एक उडी कागदावर किती वेळा खोडून काढली जाते ते दिसतं.

तिसरा संच कॅपकॉमचा, २०१८ चा, बीट देम अप बंडल. हाणामारीचे सात गेम. फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड, किंग ऑफ ड्रॅगन्स, वॉरियर्स ऑफ फेट. शिवाय आर्मर्ड वॉरियर्स आणि बॅटल सर्किट हे दोन, जे त्याआधी पार्लरच्या बाहेर कधी आलेच नव्हते. यातली यादी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचंय.

आता मूळ प्रश्न. हा संचातला फायनल फाइट तोच आहे का, जो त्या पत्र्याच्या शेडमध्ये होता?

नैयायिक म्हणतो, काल काशीत पाहिलेला देवदत्त आज इथे दिसला. गाव बदललं, वेळ बदलली, कपडे बदलले, तरी देवदत्त तोच. बौद्ध म्हणतो, थांबा. समईची ज्योत रात्रभर तीच वाटते, पण क्षणोक्षणी तेल नवं जळतंय, ज्योत नवी आहे. सारखेपणाला तुम्ही एकपणा समजलात. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या ग्रंथात याच प्रश्नाची कलेच्या अंगाने फोड केली. चित्राची नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती नक्कलच. संगीताची रचना मात्र लिहून ठेवलेली असेल, तर जो जो ती बरहुकूम वाजवेल तो तीच रचना वाजवत असतो.

गेमचं काय? गेम म्हणजे शेवटी लिहून ठेवलेल्या आज्ञांची संहिताच. संचामध्ये जुन्या यंत्राची नक्कल करणारा एक कार्यक्रम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. तो जुनी संहिता बरहुकूम चालवतो. तेव्हा गुडमनच्या कसोटीवर संचातला फायनल फाइट अस्सल ठरतो. जुना पडदा चौकोनी होता, आताचा रुंद आहे, म्हणून दोन्ही बाजूंना चित्रांच्या पट्ट्या लावतात. जुन्या काचेच्या पडद्यावर आडव्या रेघा दिसत, त्या रेघाही हव्या असल्यास आणून देतात. हे सगळं देवदत्ताचे कपडे बदलण्यासारखं आहे. नव्या टीव्हीवर बटण दाबल्यावर हालचाल दिसायला जो निमिषभर उशीर होतो, तो मात्र कपड्यांतला नाही. तो देवदत्ताच्या सांध्यांतला आहे, आणि खेळणाऱ्याला तो लगेच बोचतो. तरी तेवढं आपण सोडून देऊ.

सोडून देता येत नाही ते नाणं. नाणं संहितेत आहे की बाहेर? अर्धं आत, अर्धं बाहेर. संहितेत लिहिलंय की नाणं पडलं तर जीव वाढवा, नाही पडलं तर दहा मोजा आणि संपवा. पण ते नाणं कुठून येणार, हे संहितेत नाही. ते मुलाच्या खिशात होतं. आता संचात काय केलंय? एक बटण दिलंय. ते दाबलं की नाणं पडल्याचा आवाज होतो. कितीही वेळा दाबा. पडद्यावर अजूनही नाणं टाका म्हणून अक्षरं लुकलुकतात. दहा, नऊ, आठ अशी मोजणी अजूनही होते. पण त्या मोजणीत आता कुणाचं काहीच पणाला लागलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? गरीब मुलाला फुकटात खेळायला मिळालं. बरोबर आहे, याच्याकडेही आपण येऊ. पण गेमचं काय बिघडलं ते आधी बघा. फायनल फाइटमध्ये एक डाव आहे. मारण्याचं आणि उडीचं बटण एकदम दाबलं की पात्र गिरकी घेतं आणि भोवतीचे सगळे शत्रू उडून पडतात. पण त्या गिरकीची किंमत आहे. शत्रूला लागलं की तुमच्या स्वतःच्या जीवाची पट्टीही थोडी कमी होते. म्हणजे चारी बाजूंनी घेरलं गेल्यावर शेवटचा उपाय म्हणून वापरायचा हा डाव. कधी वापरायचा, कधी कळ सोसायची, यातच सगळं कौशल्य आहे. पुढे लोखंडी पिंप फोडलं की आत खायला सापडतं आणि पट्टी भरते. ते खाणं आत्ता घ्यावं की पुढच्या मारामारीनंतर, हाही निर्णयच. सगळ्या गेमचं व्याकरण असं टंचाईवर उभं आहे. आता जीवच अमर्याद झाल्यावर गिरकीची किंमत उरली कुठे? नातीने पहिल्याच दिवशी ते ओळखलं. ती सलग गिरक्या घेत, मरत, बटण दाबत, पाऊण तासात गेम संपवून मोकळी झाली. आणि म्हणाली, "आजोबा, बोअर आहे हा गेम. यात काहीच करावं लागत नाही."

आम्ही म्हटलं, "अगं, तू फसवून खेळलीस." तर म्हणाली, "चीटिंग कसं? बटण त्यांनीच दिलंय ना!"

मंडळी, हा प्रश्न एखाद्या परिसंवादात विचारण्याच्या योग्यतेचा आहे. बर्नार्ड सूट्स म्हणून एक तत्त्वज्ञ होऊन गेले. १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात खेळाची व्याख्या आहे. तिचा आशय असा, की सोपा मार्ग उपलब्ध असताना आपण होऊन अवघड मार्ग पत्करायचा, आणि तो केवळ त्यामुळे खेळता येतं म्हणून पत्करायचा, याचं नाव खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळीत टाकता येतो की! कोणी टाकत नाही. टाकला तर चेंडू खळीत जाईल, पण गोल्फ झालेला नसेल. आपल्याकडे लंगडीत दुसरा पाय कोणी बांधून ठेवलेला असतो का? आपणच तो वर धरतो. नातीचं म्हणणं खरं होतं. बटण त्यांनी दिलंय, त्यामुळे ती फसवणूक नव्हे. पण तो खेळही झाला नाही. पाय खाली टेकून लंगडी झाली ती.

इथे आमची तक्रार संच करणाऱ्यांकडे आहे. नव्या संचांत याहून पुढे गेलेत. काउबंगा कलेक्शनमध्ये मागे जाण्याचं बटण आहे. चूक झाली की काळ उलटा फिरवायचा, चुकीच्या आधी येऊन उभं राहायचं. ज्या प्रकारच्या गेममध्ये पडदाही मागे सरकत नसे, तिथे आता काळ मागे सरकतो! आणि २०१८ च्या एसएनके फॉर्टीएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये तर गेम आपोआप खेळला जाताना नुसता बघण्याची सोय आहे. वाटेल तिथे थांबवा आणि तिथून पुढे तुम्ही खेळा. अभ्यासकाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, आम्ही स्वतः ती वापरली. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या बोटांना दुसरा इलाजही नाही. पण सोय देताना ती सोय आहे, मूळ खेळ वेगळा आहे, हे कोणीतरी सांगायला नको का? जपानी आवृत्तीत बर्फ पडतो हे दाखवायला तुम्ही इतके कष्ट घेता, मग हा गेम तीन जीवांत कसा दिसायचा, हेही मांडा.

आपला लोहगड घ्या. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे वर जाताना गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा अशी ओळीने दारं लागतात आणि वाट नागमोडी वळत राहते. प्रत्येक वळणावर चढणारा माणूस वरच्याच्या माऱ्यात येतो. ही वळणं म्हणजेच किल्ला. ढासळलेला दगड नीट बसवला, पायरी दुरुस्त केली, तरी लोहगड तोच राहील. पण पर्यटकांचे पाय दुखतात म्हणून उद्या कोणी दरवाजे टाळून सरळसोट जिना वर नेला, तर माथा तोच असेल, वारा तोच असेल, विंचूकाटाही तोच दिसेल. किल्ला मात्र चढून झालेला नसेल. जुन्या गेमची दुरुस्ती करणाऱ्याने दगड बदलावेत. वळण सरळ करू नये. आणि जिना बांधायचाच असेल, तर तो जिना आहे अशी पाटी लावावी.

आता आमच्या विरुद्ध बाजूने बोलतो, कारण पूर्वपक्ष दुबळा मांडला तर सिद्धान्तालाही वजन येत नाही.

पहिला आक्षेप असा, की ही टंचाई काय कलेसाठी होती? ती तर गल्ल्यासाठी होती. यंत्राने नाणी खावीत म्हणून गेम अवघड केले होते. अगदी मान्य. काही ठिकाणी अवघडपणा उघड उघड लुटीचा आहे. शत्रू पाठीमागून येतो, पूर्वसूचना नाही, सुटका नाही. तिथे बटण दाबून पुढे जाणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. आणि सवलत ही काही आजची कल्पना नव्हे. कोनामीचे काझुहिसा हाशिमोटो १९८६ मध्ये ग्रेडियस या गेमची घरची आवृत्ती तयार करत होते. तपासून बघायला तो त्यांचा त्यांनाच फार अवघड जायला लागला. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम घातला: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, आणि मग दोन बटणं. पुढे कॉन्ट्रामध्ये त्याच क्रमाने तीस जीव मिळू लागले. पण तीस म्हणजे तीस. त्यालाही शेवट होता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्या पार्लरमध्ये आम्ही एकही मुलगी पाहिली नाही. एकही. ज्या गर्दीचं कौतुक आम्ही मघाशी केलं, ती गर्दी मुलींसाठी भिंत होती. आमची नात आज घरात बसून फायनल फाइट खेळते, चौघींना घेऊन खेळते, हे संचांमुळे झालं. त्यामुळे ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांत आम्ही नाही. ते दिवस गेले, त्यातलं बरंच गेलं ते बरंच झालं. प्रश्न एवढाच, की जाताना काय ठेवून घ्यायला हवं होतं.

यावरून संचात काय ठेवलं जातं आणि काय गाळलं जातं, या मुद्द्यावर येतो. मघाशी कॅपकॉमची यादी लक्षात ठेवा म्हटलं होतं. सात गेम. समोर बसलेल्या चाळिशीतल्या मंडळींना विचारतो, यात काय नाही? (श्रोत्यांमधून: मुस्तफा!) बघा, एका सुरात आलं.

त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. १९९३ चा, कॅपकॉमचाच. चार पात्रं होती. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. मुस्तफा सर्वांत चपळ, धावत येऊन लाथ मारायचा. इंग्रजी नाव उच्चारायचा त्रास कोण घेणार? आपल्या मुलांनी सबंध गेमचंच नाव मुस्तफा ठेवून टाकलं. केवळ लोणावळ्यात नव्हे, देशभर. त्या पावसात गणवेशातला तो मुलगा जे खेळत होता, तो मुस्तफाच होता. हे आम्हाला तीस वर्षांनी, चित्र पाहून कळलं. आणि आमच्या पाहण्यातल्या कुठल्याही अधिकृत संचात तो नाही.

का नाही? कंपनीने कारण सांगितल्याचं आमच्या वाचनात नाही, पण अंदाज बांधता येतो. पात्रं मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या चित्रकथेतली. कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सच्या मोटारीचं. गेम कॅपकॉमचा. एका सातबाऱ्यावर तीन नावं असली की जमिनीचं काय होतं, हे मावळातल्या माणसाला समजावून सांगायला नको. (हशा) तसं मनात आणलं तर वाट निघते. त्याच वर्षीचा पनिशर हा कॅपकॉमचा गेम मार्व्हलच्या पात्रावरचा होता, तोही वर्षानुवर्षं अडकला होता, पण २०२४ च्या एका संचात तो आला.

भांडारकर संस्थेच्या संपादकांनी काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते पोथ्यांच्या पुराव्यावर ठरवलं. या संचांमध्ये ते मालकीवर ठरतं. लोकांनी कशावर जीव लावला हा तिथे पुरावाच नाही. आणि आपल्याकडचा पुरावा तर आणखी अडचणीचा आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या त्या पिवळ्या, काळ्या कॅसेट आठवा. टीव्ही गेमच्या. वर छापलेलं असायचं, एकात नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम! प्रत्यक्षात वीस-तीस, बाकी तेच पुन्हा पुन्हा. त्या बेकायदा नकला होत्या, त्यांचं समर्थन करता येत नाही. पण इतिहास म्हणून एवढं नोंदवायला हवं, की या देशातल्या पुष्कळ मुलांनी पाहिलेला पहिला संच तोच होता. कोणाचं नाव नाही, साल नाही, कंपनी नाही, कॉन्ट्रा मात्र पाच वेळा. पाठभेदांचा हा देशी ढीग कोणी जमवला, कोणी ताडून पाहिला? अधिकृत इतिहासात हे पान कोरं आहे. ते जपानी कंपनी भरणार नाही. आपल्यातल्या कोणीतरी भरायला हवं. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर टाकू नका, आणि ती कुठे, कितीला घेतली ते चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवा.

समारोप करतो. हे संच चांगले की वाईट, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर असं. संहिता जपण्याच्या कामात ते फार चांगले आहेत. पाठभेद आणि कच्ची रेखाटनं दाखवण्यात काही तर उत्कृष्ट आहेत. पण खेळणाऱ्याला ते सहलीला आलेला पर्यटक करून टाकतात. खिसा भरलेला, सगळीकडे जाऊन येणारा, कशासमोरही थांबायची गरज नसलेला. लोणावळ्यात राहणाऱ्यांना पर्यटकांचा राग करता येत नाही, आपली चिक्की त्यांच्यावरच खपते. तरी गाव कळायचं तर तिथे अडकून पडावं लागतं, हे आपल्याला माहीत आहे.

आता त्या सहीबद्दल. पार्लर पुढे बंद झालं. आमच्या अर्जामुळे की भाडं परवडेना म्हणून, ते कधी कळलं नाही. मुलं पैसे चोरत असतील तर तो प्रश्न खराच होता, ते नाकारत नाही. पण एका नाण्यावर अर्धा तास टिकणारा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर होता. मर्यादेत राहून विचार कसा करायचा, हे आम्ही वर्गात फळ्यावर शिकवत होतो आणि तो तिथे उभ्याने करून दाखवत होता. त्याला आम्ही बिघडलेल्यांत मोजलं. आज तो पन्नाशीकडे आला असेल. हे बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचलं, तर त्याने असं समजावं की ती सही आम्ही मागे घेतली आहे.

शेवटचं, घरी करून बघण्यासारखं. संच आणलात तर टीव्हीजवळ एक वाटी ठेवा. तीत रुपयाची पाच नाणी टाका. पात्र मेलं आणि नाण्याचं बटण दाबायचं झालं, की आधी वाटीतलं एक नाणं काढून दुसरीकडे ठेवा. पाच संपली की गेम संपला. यंत्र नाही थांबवणार, तुम्ही थांबायचं. नातीला हे सांगितलं तेव्हा तिने नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी तिच्या तीन मैत्रिणी आल्या, वाटी मधे ठेवली, आणि शेवटच्या नाण्याला चौघींपैकी कोणाच्याच तोंडून शब्द निघेना. आम्ही दारातच उभे होतो. या वेळी आत जाऊन मागे उभे राहिलो.